बाळूकाकांची सूतगिरणी

गावात कोणीही पुढारी आला, की आमचे बाळूकाका त्याला हार घालतात आणि माईकसमोरच विचारतात, "साहेब, टिकसान ना?"

मंडप खदखदतो. साहेब कसनुसं हसतात. मी मात्र शरमेनं अर्धमेला होतो, कारण गावच्या शाळेचा मास्तर म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे असतं आणि काका माझे सख्खे आहेत. माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवालाही हेच विचारलं. सासरी मी अजून मान वर करून जेवत नाही.

हा नाद सूतगिरणीपासूनचा. दिग्रसच्या जिनिंगमध्ये सरकी निघाली, की आमच्या कापसाच्या गाठी बाहेर जातात. सूत इथंच काढलं तर पोरांच्या हाताला काम मिळेल, असं एका सरकारनं ठरवलं. काकांनी उत्साहानं जमीन दिली आणि शेजारच्या गुलाबरावांनाही भरीस घातलं. नारळ फुटला आणि सरकार पडलं. पुढच्यानं आधीच्याचं काम म्हणून फाइल बाजूला सारली. त्याच्या पुढच्यानं जागा नव्यानं मोजून नवा नारळ फोडला. आता तिथं बाभळी आहेत, आणि बकऱ्या कोनशिलांना अंग घासतात.

पारावर काका मला अडवतात. "पोरायले काम नाही म्हणून लोक सरकार पाडते, अन् सरकार पडते म्हणून पोरायले काम नाही. सांग मास्तर, म्या शिव्या कोणाले देऊ?" मी घड्याळाकडे बघत शाळेकडे सटकतो.

परवा पुन्हा सूतगिरणीचं भूमिपूजन निघालं. साहेब यायचे होते. काका हार घेऊन तयार, मी माईक घट्ट धरून. तेवढ्यात गुलाबराव मागच्या खुर्चीवर येऊन बसले. त्यांचा पोरगा कामासाठी सुरतेला गेला, तेव्हापासून काका त्यांच्या गल्लीतून जात नाहीत, नाल्याकडून वळसा घालतात. विचारलं तर म्हणतात, डॉक्टरनं चालायले सांगतलं.

काकांनी हार माझ्या हातात कोंबला आणि ते स्टेजवरून खाली उतरले. आता काय तमाशा करतात म्हणून मी मागे धावलो.

"गुलाबा, माह्या नादी लागून तुही जमीन गेली. पोरगं परमुलखात गेलं. तुले तोंड दाखवाची लाज वाटते रे मले."

कोणी हसलं नाही.

"जमिनीचं जाऊ दे, बाप्पा," गुलाबराव म्हणाले. "पोराचा फोन येते. पण तू माह्या घरी यायचं काहून सोडलं? बायको रोज इचारते."

काकांनी उपरण्यात तोंड लपवलं. इतकी वर्षं मला त्यांची लाज वाटत होती, आणि हा माणूस स्वतःच्याच लाजेत एकटा जळत होता.

"चाल, चहा घे," म्हणत गुलाबरावांनी त्यांचा हात धरला.

साहेबांच्या गाड्या आल्या तेव्हा हार माझ्याच हातात होता. दोघं म्हातारे गुलाबरावांच्या गल्लीकडे वळले होते, आणि त्यांना हाक मारायची माझी हिंमत झाली नाही.