टेंपूची वाटी

बडे बाबू लग्नाला जाताना एकवेळ आहेर विसरायचे, पण स्वतःचं ताट कधी विसरले नाहीत. पिशवीत ताट, ताटात वाटी, वाटीत पेला. पंगतीत वाढपी समोर पत्रावळ ठेवायला वाकला की ते हात आडवा धरत आणि आपलं ताट मांडत. तिन्ही भांड्यांवर नाव कोरलेलं, नावाखाली 'वरिष्ठ लिपिक'. पेल्यावर जागा पुरली नाही म्हणून तिथं नुसतंच 'व. लि.'

"ज्याचं त्याच्यात," असं ते म्हणत. टपरीवरच्या कपात चहा नाही, कुणाच्या घरचं पाणी नाही. रिटायर होईपर्यंत ऑफिसात त्यांनी दुसऱ्याच्या पेनानं सही केली नव्हती म्हणे.

घाटंजीला आमची घरं शेजारी. मधे छातीएवढी भिंत. मी शाळेत मास्तर. अकरा वर्षांच्या शेजारात बडे बाबू एकदाही आमच्याकडे जेवले नाहीत. माझ्या बायकोनं, शोभानं, सणाला काही दिलं तर भिंतीपाशीच ते आपल्या वाटीत ओतून घेत आणि आमची वाटी धुऊन, पुसून, तिथल्या तिथं परत देत. त्यांची बायको आम्ही राहायला येण्याआधीच गेली होती. मुलगी नाशिककडे दिलेली. तिचा फोन आला की हे उभं राहून बोलायचे.

अशा माणसाकडे कुत्रं आलं ते कापसामुळे. त्या सालांत कापसाला भाव नव्हता, आणि जो होता तो मिळवायलाही खरेदी केंद्रावर आठ-आठ दिवस ताटकळावं लागे. बैलगाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत यायची. माणसं गाडीखालीच स्वयंपाक करत, तिथंच झोपत. त्यात एकदा अवकाळी पाऊस आला आणि ताडपत्र्यांखालचा कापूस भिजला. रांग एका पहाटे पुढं सरकली, आणि आमच्या फाटकापाशी शेण, कडब्याच्या काड्या आणि मांजराएवढी एक तांबडी कुत्री मागं उरली.

बडे बाबूंनी तिला हातभर लांब धरून अख्ख्या रांगेतून फिरवली. ज्याला त्याला विचारलं. कुणाचीच नव्हती. मग त्यांनी तिला ओसरीत जागा दिली आणि मला भिंतीवरून कळवलं, "टेंपररी बेसिसवर ठेवून राह्यलो, मास्तर. परमनंट काही नाही." तेव्हापासून तिचं नाव टेंपू.

तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी स्टीलची वाटी आली. त्या वर्षी लग्नं कमी, भांड्यांच्या दुकानात नाव टाकणारा माणूस मशीन पुढ्यात घेऊन नुसता बसलेला. त्यानं हौसेनं 'टेंपू' कोरलं आणि बाजूला एक फूलही काढलं. बडे बाबूंनी वाटीत दूध-भाकर कुस्करली, कुत्रीसमोर ठेवली आणि म्हणाले, "हे तुमचं."

टेंपूनं वाटी हुंगली आणि तोंड फिरवलं.

पुढचे तीन आठवडे आमच्या गल्लीला दुसरा विषय नव्हता. स्टील थंड लागत असेल म्हणून जर्मन ॲल्युमिनियमची वाटी आली. मग मातीची. शोभानं सुचवलं म्हणून दुधाऐवजी ताक झालं. गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, वाटी ठेवा आणि लपून बसा. बडे बाबू दाराआड स्टुलावर तासभर बसले. टेंपू त्यांच्या मागं येऊन बसली आणि तीही दाराच्या फटीतून वाटीकडे पाहत राहिली. शेवटी जन्मभर माळकरी असलेल्या त्या माणसानं खाटकांच्या मोहल्ल्यातून पेपरात गुंडाळून हाडूक आणलं. मला दिसू नये म्हणून पेपर छत्रीत घातला होता. टेंपूनं तेही सोडलं.

"चाळीस वर्षांत एक फाईल अशी अडली नाही," ते मला म्हणाले.

कुत्रीच्या फासळ्या दिसायला लागल्या. मग मीच एका दुपारी पाहिलं, की कापसाच्या जिनिंगचे हमाल चहाच्या टपरीमागं भाकरीची फडकी सोडून बसतात, तिथं टेंपू त्यांच्या मधात बसून तुकडे खाते. मी बडे बाबूंना सांगितलं. त्यांना ते फार लागलं. आपल्या घरची वाटी सोडून परक्यांचं उष्टं खाते, हे त्यांना सहन होईना. त्यांनी तिला साखळीनं बांधलं. भूक लागली की खाईल, म्हणाले.

तिनं दोन दिवस खाल्लं नाही. वाटीकडे पाठ करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच साखळी सोडली, पण आता ती उठून टपरीकडेही जाईना. बडे बाबू ओसरीच्या पायरीवर दाढी न करता बसलेले. मी भिंतीपाशी गेलो तर वर न पाहता म्हणाले, "माह्या हातून एवढंसं कुत्रं जगून नाही राह्यलं, मास्तर."



बाजाराच्या दिवशी एक बाई फाटकाशी थांबली. डोक्यावर बोचकं, हातात पाण्याची कॅन. तिच्या मागं नवरा, रस्त्याकडे तोंड करून उभा. तिनं काहीतरी हाक मारली आणि चार दिवस न उठलेली टेंपू लटपटत तिच्या पायाशी गेली. बाई बोचकं टाकून खाली बसली. त्यांच्या गाडीखालचीच ती कुत्री. रांग सरकली त्या पहाटेच कापूस घालून ते गावी परतले होते. कुत्री ट्रकखाली गेली, असं समजून त्यांनी शोध सोडला होता.

बडे बाबूंनी हातातली वाटी पुढं करून सगळं सांगितलं, तक्रार केल्यासारखं. बाईनं बोचक्यातून भाकर काढली, मोडली, एक तुकडा आपल्या तोंडात टाकला, एक जमिनीवर ठेवला. टेंपू खायला लागली.

"तिले एकटीनं खाताच येत नाही जी," बाई म्हणाली. "वावरात आमी सारे गोल बसून खावो, ते मधात. तुमी संगं बसत जा, मंग खाईन."

"तुमी घेऊन जा ना तिले," बडे बाबू म्हणाले.

बैल विकले होते, बैलगाडीही विकली होती. दोघं मिरची तोडायला आंध्रात निघाली होती, दुपारच्या गाडीनं. तिथं कुत्रं कुठं ठेवणार? बडे बाबूंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो अजून पाठमोराच.

"त्याले बोलावू नका," बाई हळूच म्हणाली. "पाह्यलं तं मंग तो गाडीत बसणार नाही."

ती दोघं गेली. टेंपू कोपऱ्यापर्यंत त्यांच्या मागं गेली आणि परत आली.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला आमच्या फाटकाची कडी वाजली. बडे बाबू उभे. काखेत ताट, हातात टेंपूची वाटी.

"तिले चार माणसं लागते म्हणते," ते म्हणाले. "माह्या घरी तेवढे नाहीत."

शोभानं त्यांना आत घेतलं. स्वयंपाकघरात तीन पाट मांडले, मधे वाटी ठेवली. भाकर, वांग्याची भाजी, वरण-भात. मी खायला लागलो, शोभा खायला लागली. टेंपू मात्र बडे बाबूंकडे पाहत बसली. त्यांचा हात मांडीवरच.

"बाबूजी, तुम्ही घास घ्या. ती तुमच्यासाठी थांबली आहे," शोभा म्हणाली.

त्यांनी ताट जरासं पुढं सरकवलं. "घरी मी ताट घेत नाही," म्हणाले. "भाताच्या गंजातूनच खातो, चुलीपाशी, उभ्यानं. घरची गेली तेव्हापासून. एकट्यासाठी कायले मांडा?"

मग त्यांनी भात कालवला आणि घास घेतला. टेंपूनं वाटीत तोंड घातलं. दोन घास खाऊन तिनं मान वर करून आम्हा तिघांना पाहून घेतलं आणि पुन्हा खाली घातली. बडे बाबूंचा दुसरा घास हातातच राहिला. शोभानं त्यांच्याकडे न पाहता त्यांच्या भातावर वरण वाढलं.

जाताना ते उद्याचं काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शोभानं भाकरीचं पीठ परातीत घेतलं, आणि डब्याचं झाकण लावता लावता थांबून आणखी दोन मुठी घातलं.