तीन बाटल्यांच्या मोहिमेची हकिकत

अखंडित चिंतालंकृत आम्ही, चिरंजीवांच्या मातोश्री, वाचणाऱ्या सकळांस विदित करितो ऐसे जे, मोहिमेच्या आधीच आमच्या थोरल्या भगिनीसाहेबांचा इशारा आला होता की, "अगं, दुधानंच पोट भरतंय त्याचं, जेवेल कुठून?" तो आम्ही, "तुला काय जातंय बोलायला, तुझी झाली मोठी," म्हणोन उडवोन लाविला आणि बाटल्यांची रसद जारी ठेविली.

मग चिरंजीव, उमर दीड साल, पांढरेफटक पडले. डॉक्टरसाहेबांनी रक्त तपासोन लोहाचे थेंब दिले आणि फर्माविले की, पोटात अन्न जाऊन रक्त वाढले नाही तर मुलास इस्पितळात दाखल करणे. आमचे अवसान गळाले आणि आम्ही नोंदणीकृत आहारतज्ज्ञ बाईसाहेबांचा आश्रय केला. बाईसाहेबांनी पदवी संपादोन, थोर इस्पितळाच्या भटारखान्यात दुखणेकऱ्यांची ताटे जोखीत उमेदवारी केली, मग परीक्षा मारोन नोंदणीचा शिक्का मिळविला, आणि आता दुसऱ्या मजल्यावरील खोलीत, वजनकाटा व लाकडी फळांची टोपली ऐशा सरंजामानिशी, हट्टी पोटांचा मुलूख राखीत होत्या.

वजनाचा दिवस उगवला. काट्यावर इज्जत राहावी या मसलतीने आम्ही निघतेवेळी एक बाटली गुपचूप पाजिली, सासूबाईंनी आमच्या नकळत दुसरी पाजिली, आणि आम्ही दारास कुलूप लावीतो चिरंजीवांच्या तीर्थरूपांनी गाडीत तिसरी. चिरंजीव काट्यावर विराजमान जाहले आणि तत्क्षणी तिन्ही बाटल्या काट्यावर, टेबलावर आणि बाईसाहेबांच्या चपलांवर परत आल्या.

बाईसाहेबांनी मुद्रा न बदलता काटा पुसला आणि पुसले, "सकाळपासून कोणी कोणी काय दिलंय? मी रागावणार नाही."

सासूबाई वदल्या, "मी आपली एकच हो, छोटीशी."

तीर्थरूप वदले, "आई, तू पण?"

मग आमचाही कबुलीजबाब जाहला.

तेव्हा हुकूम सुटला तो ऐसा की, दूध दोन लहान पेले, तेही जेवणानंतर; बाटली हद्दपार; वाटी घेऊन मुलामागे कोणी धावू नये; सर्वांनी एकत्र बसोन आपापले जेवावे आणि मुलाच्या तोंडाकडे टक लावू नये. हे अखेरचे कलम आम्हांस फार जड गेले.

चिरंजीवांनी घर डोक्यावर घेतले. सासूबाई शालीआड बाटली घेऊन चाल करोन आल्या, त्यांस तीर्थरूपांनी स्वयंपाकघराच्या दारी अडविले, आणि आम्ही छताकडे पाहत घास गिळिले. मग एके दुपारी चिरंजीवांनी तीर्थरूपांच्या ताटातील उकडलेले अंडे स्वहस्ते उचलोन, कुस्करोन, निम्मे केसांस व निम्मे मुखी लाविले. चिरंजीव वदले, "अजू," आणि पुन्हा ताटाकडे हात केला.

पुढल्या तपासणीत रक्त वाढलेले दिसले, दाखल करणे रद्द जाहले, मोहीम फत्ते झाली, म्हणोन येथे नमूद केले.

हे वर्तमान कळविण्यास आम्ही गेलो तो दिवस कलला होता, बाहेर आयांची रांग होती, आणि बाईसाहेबांचा डबा खिडकीत तैसाच बंद. आम्ही पुसता म्हणाल्या, "जेवले की मघाशी." तरी त्या जिन्याने ज्यांचे जाणे घडेल त्यांनी दार लोटोन पाहावे, शब्दावर जाऊ नये, डबा हाती उचलावा, आणि जड लागल्यास रांगेस थोपवोन त्यांस जेवावयास बसवावे.