ती मागच्या खोलीत मुरलीये

गवंड्याला सगळं काम सांगायचं की अर्धं आपण करायचं, एवढाच प्रश्न होता. जावईबापूंनी अर्धं आपण करायचं ठरवलं आणि पुढचं सगळं रामायण त्या अर्ध्यातून घडलं.

(जावईबापू हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसूनही माणूस जन्मभर जावईच राहू शकतो, हे त्यांच्याकडे बघून पटायचं.)

घर बैठं, पण जोतं उंच. आतली जमीन लाकडी फळ्यांची आणि फळ्यांच्या खाली, मातीच्या वर, माणूस पोटावर सरपटेल एवढीच पोकळी. तिथं मांजर सोडून कुणीही कधी गेलं नव्हतं. त्या पोकळीत वर्षानुवर्षं ओल साचायची आणि फळ्यांच्या फटींतून मागच्या खोलीत चढायची. कोपऱ्यातला रंग पापुद्रे धरून सुटला होता, कपाटातल्या चपलांना बुरशी आली होती आणि खोलीला ओल्या पोत्याचा वास होता. पण तिथं अडगळ राहायची. अडगळ कधी तक्रार करत नाही, म्हणून कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

आता तिथं सासूबाई राहायला आल्या होत्या.

सासूबाई निवृत्त भाषाशिक्षिका. त्यांच्यासमोर नामाला चुकीचं विशेषण लावलं तर त्या चहाचा कप खाली ठेवून बघायच्या. दमा वाढला तसं डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या: एकटं राहायचं नाही आणि ओलीत राहायचं नाही. पहिली गोष्ट मुलीकडे येऊन झाली. दुसरी मुलीकडे आल्यावर सुरू झाली.

"आईचा खोकला वाढलाय," बायको म्हणाली. "असंच राहिलं तर ती परत जाईल. आणि एकदा गेली की पुन्हा यायचं नाव घेणार नाही, माझी आई आहे ती. मला ती इथं हवीये हो." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. (घरात आधीच ओल जास्त आहे, असं म्हणण्याचा मोह जावईबापूंनी मोठ्या कष्टानं आवरला.)

त्यांना स्वतःलाही सासूबाई राहायला हव्या होत्या, पण कारण जरा वेगळं होतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, सासूबाईंनी त्यांच्याबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. वाईटही काढला नव्हता. काही बोलायचीच गरज त्यांना वाटली नसावी. खोली कोरडी करून दाखवली तर निदान एखादं 'छान' पदरात पडेल, अशी जावईबापूंची साधी आशा होती.

ते पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसायचे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मोबाइलवर वाचायचे. आठवडाभरात ते ओल या विषयातले तज्ज्ञ झाले आणि घरात फर्मानं निघू लागली. भाजी शिजताना झाकण ठेवा. ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. अंघोळीनंतर खिडकी उघडा. बायकोनं एकदा डाळीवरचं झाकण काढलं तर हे वाफेकडे असे बघत राहिले, जणू ती घरफोडी करायला निघालीये.

शेवटी गवंडी आला. जोत्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना झरोके पाडायचे म्हणजे खालून हवा खेळती राहील, आणि आतल्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरायचं म्हणजे जमिनीतली ओल वर येणार नाही, असं ठरलं.

"प्लास्टिक मी अंथरतो," जावईबापू म्हणाले.

गवंड्यानं त्यांच्या पोटाकडे पाहिलं. मग जोत्यातल्या, पोकळीत शिरायच्या छोट्या दाराकडे पाहिलं. "साहेब, आत जाल. बाहेर यायचं काय?"

"मिस्त्री, पार्सल बांधण्यात जन्म गेला माझा. प्लास्टिक मला नका शिकवू."

बायको आणि सासूबाई बाजारात गेल्या आहेत, असं जावईबापूंना वाटत होतं. बायको गेलीच होती. सासूबाई मात्र गुडघा दुखतो म्हणून फाटकापासूनच परत फिरल्या आणि मागच्या खोलीत येऊन आडव्या झाल्या. त्यांच्या पाठीखाली पलंग, पलंगाखाली फळ्या आणि फळ्यांखाली पोटावर सरपटणारे जावईबापू. ओल कुठं जास्त आहे तेही ते बघत होते आणि पोकळीच्या दाराशी बाहेर उभ्या गवंड्याला ऐकू जावं म्हणून ओरडून बोलत होते.

"सापडली का साहेब?" गवंडी बाहेरून ओरडला.

"सापडली! मागच्या खोलीतच आहे. ऐसपैस पसरलीये!"

वर सासूबाईंनी डोळे उघडले.

"कधीपासून आहे म्हणायची?"

"लग्न झाल्यापासून बघतोय मी! पण यंदा फारच वर चढलीये. पार मुरलीये हो!"

"मुरलेली सहज जात नाही साहेब."

"जात नाही म्हणजे? घालवायचीच! तिच्या वासानं घरात बसवत नाही. सगळ्यांच्या तब्येती बिघडवल्यात तिनं!"

सासूबाई उठून बसल्या.

"एखादं औषध मारून बघायचं का?"

"मारा की! पण हिला पत्ता लागू देऊ नका. हिचा जीव घाबरतो औषधाला. ती बाजारातून यायच्या आत उरकून टाका!"

"बरं. मी दुकानातून घेऊनच येतो," असं म्हणून गवंडी गेला.

सासूबाईंनी पलंगाखालून बॅग ओढली.

बॅग ओढल्याचा आवाज जावईबापूंनी ऐकला, पण त्यांना वाटलं उंदीर. तोवर त्यांचंही काही फारसं ठीक चाललं नव्हतं. प्लास्टिक उलगडत उलगडत ते लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचले होते आणि मागे वळायला गेले, तेव्हा शर्ट वरच्या खिळ्यात अडकला. शर्ट सोडवायला पाय झाडले तर प्लास्टिकनं पायांना वेढे घातले. पाय सोडवायला लोळले तर प्लास्टिक कमरेपर्यंत आलं. आता फक्त दोरी आणि पत्ता बाकी होता.

तेवढ्यात वरून बायकोच्या चपला वाजल्या. पिशवी आपटल्याचा आवाज आला.

"आई! बॅग का भरतेस?"

"जाते मी. तुझ्या नवऱ्याला माझा वास सहन होत नाही."

"काय?"

"आणि माझ्यासाठी औषध आणायला पाठवलंय माणूस. तू यायच्या आत उरकायचं ठरलंय त्यांचं."

"अगं काहीतरीच काय!"

"माझ्या कानांनी ऐकलं. पसरलीये म्हणाले. मुरलीये म्हणाले." सासूबाईंचा आवाज जरा थरथरला. "घालवायचं तर घालवा, माझं काही म्हणणं नाही. पण मला अगं-तुगं? पसरल्या आहेत म्हणावं, मुरल्या आहेत म्हणावं! इतकी वर्षं त्यांना मी अहो-जाहो केलं, ते यासाठी?"

खाली जावईबापूंना सगळं एकदम उमगलं. "आई! गैरसमज होतोय!" असं ते ओरडले, पण तोंड उघडताच वरच्या फटीतली वर्षानुवर्षांची धूळ घशात गेली आणि वर नुसतं खोकणं पोचलं.

"बघ, घरात आणखी कोणीतरी खोकतंय," सासूबाई म्हणाल्या. "आणि नाव मात्र माझं."

बायकोनं फळ्यांवर पाय आपटला. "अहो! कुठं आहात तुम्ही?"

"इथं! खाली!"

"आईला औषध घालताय?"

"ओलीला गं, ओलीला!"

"कोण ओली?" आता बायकोचा आवाज बदलला. "ही ओली कोण?"

बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. जावईबापूंना बाहेर पडायला वेळ नव्हता आणि पडताही येत नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. डोक्यावरची एक फळी ओलीनं भुसभुशीत झालेली होती. त्यांनी देवाचं नाव घेऊन खालून डोकं मारलं. फळी कुजलेली खरी, पण त्यांना वाटली तेवढी नव्हती. दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्यांदा फळी मोडली आणि सासूबाईंची बॅग आणि सासूबाईंचे पाय यांच्या मधोमध, कोळ्याच्या जाळ्यांची टोपी घातलेलं, मातीनं माखलेलं जावईबापूंचं डोकं जमिनीतून वर आलं.

सासूबाई किंचाळल्या. बायको त्यांच्याहून मोठ्यानं किंचाळली.

"ती म्हणजे ओल!" डोकं म्हणालं. "आई, ओल स्त्रीलिंगी आहे! ती ओल! जमिनीतली! तुम्ही नाही! तुम्ही गेलात तर ही मला घरात ठेवायची नाही, आणि मलाही... मलाही तुम्ही राहायला हव्यात हो!"

सासूबाईंनी चष्मा पुसला, घातला आणि त्या डोक्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "वाक्यात सर्वनाम वापरायच्या आधी नाम सांगावं. नाहीतर असे घोटाळे होतात." आणि त्यांनी बॅगेची चेन परत उघडली. बायको मटकन पलंगावर बसली आणि हसत हसत रडायला लागली.

जावईबापूंना दुकानातून परतलेल्या गवंड्यानं खालून पाय धरून ओढून काढलं. त्यात शर्ट गेला आणि डोक्यावर टेंगूळ आलं. प्लास्टिक मग गवंड्यानंच अंथरलं, झरोके पाडले, पावसाचं पाणी भिंतीपाशी साचायचं ते पन्हळीला नळी लावून लांब सोडलं आणि मोडलेली फळी बदलली. बायकोनं दुकानात जाऊन एक छोटा पंखा निवडून आणला. आतली दमट हवा बाहेर फेकायला तो एका झरोक्यात बसवला. हळूहळू खोलीचा वास गेला. सासूबाईंचा खोकला कमी झाला. जावईबापूंना कुणी 'छान' म्हणालं नाही, पण ते वाट बघत होते.

आणि एका संध्याकाळी तो योग आला. पोस्टातून आल्यावर ते दाराशी बूट काढत होते. आत सासूबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या.

"अगं, मला आधी वाटलं नव्हतं. पण फार गुणी निघाला तो."

जावईबापूंचा एक बूट हातातच राहिला. तो! आजवर सासूबाई त्यांना 'ते' म्हणायच्या. तो म्हणजे आता परकेपणा संपला, मुलगाच मानलं!

"दिवसभर राबतो, पण कुरकुर म्हणून नाही. दोन माणसं बोलत असली तर मध्ये तोंड घालत नाही. आमच्या मुलीची निवड, नाव ठेवायला जागा नाही बघ. त्याच्यामुळे मला इथं मोकळा श्वास घेता येतो. मी काही आता इथून हलत नाही."

एका पायात बूट, एक पाय उघडा, अशा अवस्थेत जावईबापू आत शिरले आणि सासूबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. "आई, आज तुम्ही मला एकेरीत 'तो' म्हणालात. धन्य झालो. असंच म्हणत जा."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली, झरोक्याच्या बाजूला पाहिलं. मग फोन पुन्हा कानाला लावला.

"नाही गं, जावईबापू नाहीत. पंखा, पंखा! जावईबापू आहेत तसेच आहेत. त्यांना कुठं बटण आहे?"