पूजेला बसलेला सर्व्हर

खंडेनवमीला शाळेच्या कॉम्प्युटरची विधिवत पूजा झाली आणि आतला सर्व्हर अडकला. या दोन घटनांचा संबंध चौकशीअंतीही सिद्ध झालेला नाही.

शाळेची वेबसाइट दहावीतल्या वेदश्रीनं केली होती. दसऱ्याच्या सकाळी नवे अध्यक्ष गणपतअण्णा तिचं उद्घाटन करणार होते. सर्व्हर मात्र महिन्यापूर्वीचंच पान धरून बसला होता, आणि त्यावर निवडणुकीत पडलेले जुने अध्यक्ष पद्मनाभअप्पा मिशीला पीळ देऊन हसत होते. नवं पान तयार होतं, पण ते दिसायला सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा सुरू करायला हवा होता. बंद करायच्या कंट्रोल-सीला सर्व्हरनं भीक घातली नव्हती, पण एका ओळीच्या कमांडनं तो नक्की मेला असता. नाही जमलं, तर वेबसाइट वर्गातल्या मयूरकडे आणि वेदश्री दारातल्या रांगोळीवर, हे ठरलेलं.

तिनं झेंडूची माळ सारून कीबोर्डकडे हात नेला.

“मुट्टबेडा!” हेडमास्तर प्रभंजनसर ओरडले. “पूजेला बसलेल्या हत्याराला हात लावायचा नाही! उद्या सीमोल्लंघन झाल्यावर बघू.”

“सर, उद्घाटन सकाळी आहे! निदान प्लग काढू?”

“त्याच प्लगवरचा नंदादीप विझवशील? आणि हा सर्व्हर अप्पांनी नारळ फोडून सुरू केलाय. त्यांना विचार.”

वेदश्रीनं जुन्या हुबळीत अप्पांच्या घरापर्यंत सायकल दामटली. अप्पा मिशीतल्या मिशीत हसले. “अक्का, मी आता कोण? अध्यक्ष नसलेल्यानं परवानगी देणं नियमात बसत नाही.”

संध्याकाळी कमिटीची तातडीची बैठक भरली. परवानगी अप्पांचीच हवी. त्यासाठी अप्पा अध्यक्ष हवेत. सबब अप्पांना अध्यक्ष करावं. ठराव एकमतानं पास झाला. पूजेचा मान राखून गणपतअण्णांनीही राजीनामा दिला.

सकाळी अप्पांनी पडद्यावर स्वतःला डोळे भरून पाहिलं.

“अप्पा, आता बंद करू?” वेदश्रीनं विचारलं.

“कशाला गं? बरोबरच दाखवतोय की!”

टाळ्या पडल्या. एक अक्षरही न बदलता वेबसाइट अद्ययावत केल्याबद्दल वेदश्रीचा सत्कार झाला. मयूरनं रांगोळी काढली.

सीमोल्लंघन होऊन गेलं, दिवाळीही गेली. कमांड टाइप करून ठेवलीय, वेदश्रीचं बोट एंटरवर आहे. सर म्हणतात, पालकसभेत विचारू. पण गेल्या सभेत मागच्या बाकावरून “चालतंय ना, मग कशाला हात लावताय?” असं ओरडणारे तुम्हीच होतात की नाही?