चोवीस दिवे, एक बटण

"काका, चोवीस दिवे एका बटणावर नका टाकू," वायरमन शिडीवरून म्हणाला. "तीन बटणं करू."

नानांनी त्याला हातातला कागद दाखवला. सहा वॅटचा एक दिवा, असे चोवीस. एकूण एकशे चव्वेचाळीस. "आमची इस्त्री याच्या सातपट वीज खाते. ती चालते ना एका बटणावर?"

गणित बिनचूक होतं. नाना निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली, त्यामुळे स्वतःची ओळखायचा सरावच राहिला नव्हता. वायरमन "बरं" म्हणाला.

हॉलला एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून बसलेली. भर दुपारीही दिवे लावावे लागत. आणि सोमवारी चार वाजता त्याच हॉलमध्ये नानांच्या बायकोचा शिवणक्लास सुरू व्हायचा होता. साठाव्या वर्षी ती पहिल्यांदाच स्वतःचं असं काही काढत होती. उजेडाचं तेवढं नानांकडे दिलं होतं.

शनिवारी नानांनी बटण दाबलं. छत क्षणभर झळकलं, पॅसेजमधल्या पेटीत 'टक्' झालं आणि हॉलचा एमसीबी पडला. पंखाही थांबला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मात्र चोवीसच्या चोवीस लागले.

"पाहिलंस? दाबण्याची पद्धत असते," नाना म्हणाले.

रविवारभर ते ती पद्धत शोधत होते. अंगठ्याने, करंगळीने, श्वास रोखून. कधी लागत, कधी 'टक्'. शेवटी त्यांनी 'बटण हळुवार दाबावे' अशी चिठ्ठी डकवली. तासाभराने 'हळुवार' खोडून 'निर्धाराने' केलं.

"वायरमनला बोलवा," बायको म्हणाली.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच बोलवतात त्याला."

पण त्याला बोलवायचं म्हणजे कागद चुकला असं म्हणायचं. ते नानांच्या घशाखाली उतरेना.

सोमवारी सहाजणी आल्या आणि 'टक्' झालं. नाना पॅसेजमध्ये स्टुलावर, एमसीबीशी. बायको हॉलमध्ये, बटणाशी.

"दाबू?"

"दाब!"

टक्.

"निर्धाराने दाबलंस का?"

"चुलीत घाला तुमचा निर्धार!"

"बाई, दोरा कुठल्या बाजूने ओवायचा?" अंधारात एकीने विचारलं.

"आधी सुई तर दिसू दे गं," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. पण तिसरीने पिशवी उचलली. "बाई, उजेडाचं जमलं की कळवा हं. मग येते मी."

तेवढ्या अंधारातही नानांना बायकोचा चेहरा दिसला. ते स्टुलावरून उतरले आणि त्यांनी वायरमनला फोन लावला.

दहा मिनिटांत वायरमन आला. "काका, वॅट बरोबरच आहेत तुमचे. पण हे दिवे लागताना क्षणभर भसकन वीज ओढतात. एकदा लागले की मग गरीब. चोवीस जणांनी एकदम ओढलं की एमसीबीला वाटतं, कुठेतरी शॉर्ट झालं. एखाद्या वेळी निभावतं, इतकंच."

"म्हणजे दाबण्याची पद्धत..."

"कसली पद्धत?"

त्याने बोर्ड उघडला. आत एका बटणावर तीन वायरी पिळून बांधलेल्या. शेजारची दोन बटणं रिकामी; नाना त्यांना शोभेची समजत होते.

"तीन वायरी कधी ओढल्यास?"

"त्याच दिवशी. काकू म्हणाल्या, ओढून ठेव, पण बांध एकालाच. ते स्वतः बोलवतील तेव्हा सोडव."

नानांनी बायकोकडे पाहिलं.

"मला वाटलं, शनिवारी संध्याकाळपर्यंत बोलवाल," ती म्हणाली. "तुम्ही सोमवारचे चार वाजवाल हे कुठे ठाऊक होतं!"

वायरमनने वायरी सोडवून तीन बटणांना लावल्या. एक बटण, जरा दम, दुसरं, जरा दम, तिसरं. हॉल लख्ख झाला. फोन ऐकून दारातच थांबलेली तिसरी परत येऊन बसली.

नाना सगळ्यांसमोर उभे राहिले. कान लाल झाले होते. "चुकलं माझं," ते म्हणाले. आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. "त्या गिझरच्या वेळीही माझंच चुकलं होतं. आणि गॅलरीचं दार उलटं बसवलं तेव्हाही. आणि तुझ्या भावाशी मी जे..."

"अहो, थांबा!" बायको घाईघाईने मशीनवर बसत म्हणाली. "सगळं एकदम नका हो. रोज थोडं थोडं सांगा. आत्ता मला क्लास घ्यायचाय."