तुळोजी मोकादमांनी कॅमेरा खाली आणिला त्याची हकीकत

श्री रंगदेवतेस साष्टांग नमन करोन, ऐकिले तैसे लिहितो. शके अठराशे पासष्ट, सुभानुनाम संवत्सरे, दूर मुलखी महायुद्ध पेटलेले, आणि इकडे चित्रनगरीचे गादीवर गंगाकाठचे बन्सीधर महाराज गाण्याबजावण्याचे हिंदी बोलपट काढीत होते. युद्धाचे सबबीवर सरकार फीत मापून देई, आणि महाराजांपाशी शेवटचे गाण्यापुरते एकच रीळ उरले. ते वाया गेल्यास चित्र अपुरे आणि राज्य बुडालेच म्हणावे.

त्या दरबारी तुळोजी पाटोळे, कोल्हापूर प्रांतीचे, क्रेनवरचे मोकादम. क्रेन म्हणजे लाकडी हत्तीच. सोंडेवर कॅमेरा आणि तुळोजी माहूत. महाराजांस मराठी शब्द दोनच येत, "वर" आणि "खाली", आणि त्या दोहोंवर सारा कारभार सुरळीत चाले. "खाली" हा शब्द हवेत आहे तोच सोंड खाली, ऐसी तुळोजींची ख्याती. हिंदीचे म्हणाल तर तिचे वाटेस ते कधी गेले नाहीत, आणि तिच्यावाचून त्यांचे काही अडलेही नव्हते.

गाणे ऐसे की नायिका गुलनारबाई दिवाळीचे सांजे प्रियकराची वाट पाहत रिकामे ताट हाती घेऊन उभ्या, आणि महाराजांचा हुकूम की कॅमेरा बाईसाहेबांचे मुखावरून तसूभर हलू नये. गाणे आधीच तबकडीवर भरलेले, परंतु ग्रामोफोनच्या विलायती सुया युद्धापायी मिळेनात, उरली होती एक. ती जपावी म्हणोन तालमी नुसत्या पेटीवर जाहल्या, आणि गाण्याचे बोल तुळोजींचे कानी आलेच नाहीत. मग नारळ फोडिला आणि सुई टेकविली आणि रीळ फिरू लागले, आणि बोल उमटले, "थाली मोरी खाली." तुळोजींनी सोंड खाली घेतली. मुख गेले, गळा आला. पुन्हा "खाली". बाईसाहेबांस अजून खाली हवे दिसते, ऐसे मनी म्हणोन तुळोजी हातांवर आले. तिसरे वेळी "खाली" होताच ते थेट ताटावर जाऊन थांबले. महाराज घाबरेपणी होते तेवढे मराठी विसरोन "ऊपर, ऊपर" म्हणोन गळा फोडीत होते, परंतु तो हुकूम तुळोजींचे यादीत नव्हता. आणि रीळ संपले.

"किसने बोला था?" महाराज पुसते जाहले.

"बाईसायबांनी," तुळोजी छातीठोक उत्तरले. "तीनदा म्हणाल्या. मी काय बहिरा हाय व्हय?"

हिंदीत खाली म्हणजे रिकामे, ऐसे कारकुनाने समजाविले, तेव्हां मोकादम मुकाट हत्तीवरून उतरले. बारा वर्षांची चाकरी तेच दिवशी गेली, आणि त्याहून अधिक, ती इमानाने हुकूम पाळून गेली याचे त्यांस मनस्वी दुःख जाहले.

दुसरी फीत नव्हती, सबब चित्र तैसेच लागले. आपली चूक डोळां पाहावी म्हणोन तुळोजी गेले आणि पुढचे बाकावर बसले. भोवती सकाळपासून रेशनचे रांगेत तिष्ठून रिकाम्या पिशव्यांनिशी आलेली माणसे. गाणे सुरू जाहले. मुख गेले, गळा गेला, हात आले, आणि मग पडदाभर नुसते रिकामे ताट. शेजारची बाई हळूच म्हणाली, "आमच्याच घरचं हाय की हे ताट," आणि तिने पदर डोळ्यांस लाविला. मग मागे कोणी हुंदका दिला, आणि आणखी कोणी, आणि तुळोजीही रडले.

महाराज बाल्कनीतून हे पाहत होते. खेळ सुटताच त्यांनी तुळोजींस गाठले, आणि कारकुनास शब्द पुसोन, अडखळत, मराठीतच बोलिले, "मोकादम, उद्या कामावर या."

"येतो की," तुळोजी म्हणाले. "पर पुढच्या गान्याचे बोल आधी सांगा."

येणेप्रमाणे चित्र पंचवीस आठवडे चालिले, राज्य तगले, तुळोजी हत्तीवर कायम जाहले. त्या ताटापायी महाराजांची दूरदृष्टी वर्तमानपत्री वाखाणिली गेली, आणि महाराजांनी ती नाकारिली नाही. रेशनची रांग तेवढी होती तैसीच राहिली.