बर्नरकाकांचं सामान्य विज्ञान

"निळा लिटमस कागद आम्लात बुडवला. कुठला रंग येईल?" मुलीने विचारलं.

"निळाच," बाबा म्हणाले.

"बाबा! लाल!"

"अगं, आपले कागद बारा वर्षं कपाटात पडलेत. आम्लात बुडव नाहीतर विहिरीत टाक, ते निळेच राहतात."

मुलीने कपाळावर हात मारून घेतला. हे गृहस्थ शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं शिपाई होते. तिथला हट्टी बर्नर त्यांच्याच हातून पेटायचा, म्हणून सगळी शाळा त्यांना बर्नरकाका म्हणायची. आता साहाय्यकाची जागा रिकामी झाली होती आणि ती काकांना हवी होती. अट एकच: शालान्त परीक्षेचं सामान्य विज्ञान सुटायला हवं. लहानपणी त्यांचा तेवढाच विषय राहिला होता, आणि वय बघता ही शेवटची संधी होती. मुलगी गेल्याच वर्षी याच विषयात शाळेत पहिली आली होती. बापाला आठ दिवसांत तयार करणं म्हणजे काय मोठंसं, असं तिला वाटलं होतं. डोंबल!

"मग आमच्या वर्गात बाईंनी दाखवला तो लाल कसा झाला?"

काकांनी आवाज खाली आणला. "लाल कागद माझ्या तळहातात असायचा. बाई 'बघा मुलांनो' म्हणाल्या की सगळी पोरं आधी बाईंकडे बघतात. तेवढ्यात बदलायचा."

"शी! बरं, पाणी किती अंशांना उकळतं?"

"अठ्ठ्याऐंशी."

"शंभर!"

"आमचा तापमापक अठ्ठ्याऐंशीलाच अडकतो गं. बाई फळ्यावर शंभर लिहितात, पोरं उतरवून घेतात."

"अहो, मग तुम्हीही लिहा ना शंभर!" ओट्यापाशी उभी असलेली आई करवादली. "तुमच्या खिशातून जाणारेत का ते बारा?"

"डोळ्यांदेखत खोटं कसं लिहू?"

आता बोला! तळहातात कागद लपवणारा माणूस हे म्हणतो.

पुस्तकही खरं बोलतं, हे बाबांना दाखवायचंच असा चंग मुलीने बांधला. तिने ग्लासात पाणी घेतलं, दोन चमचे मीठ ढवळलं आणि अंडं सोडलं. अंडं तळाशी जाऊन बसलं. ते तरंगायला हवं होतं. नेमकं काय चुकलं ते बघायला ती पुस्तक आणायला गेली आणि परत येते तर अंडं वर!

"बघा! तरंगलं की नाही?" ती नाचायचीच बाकी होती.

"वा! पुस्तक खरंच म्हणायचं," काका म्हणाले.

तेवढ्यात आईने मिठाचा डबा उघडला. डबा रिकामा होता.

"बाबा!"

"तू एवढ्या हौसेने मांडलं होतंस," काका ओशाळून म्हणाले. "तुझं पडलेलं तोंड बघवेना."

रात्री सगळे अळणी जेवले. मुलीने त्या दिवसापासून प्रयोग बंद केले आणि सरळ घोकंपट्टी सुरू केली. डोळ्यांनी पाहिलेलं सगळं विसरायचं, पुस्तकात असेल तेच बोलायचं. सहा दिवसांत काका झोपेतसुद्धा शंभर म्हणायला लागले.

"आणि प्रात्यक्षिकाला फक्त स्वतःच्या टेबलाकडे बघायचं. कळलं? दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही," तिने बजावलं.

लेखी पेपर झकास गेला. प्रात्यक्षिक काकांच्याच प्रयोगशाळेत होतं. परीक्षार्थीने हात लावायचा नाही म्हणून त्या दिवशी मांडणी बाईंनी केली होती. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचं आणि निवळी दुधाळ होते ते नोंदवायचं, एवढंच काम. पंधरा पोरं गाल फुगवून फुंकत होती आणि निवळी होती तशीच नितळ. बाईंनी काढलेली बाटली दोन वर्षांची शिळी होती. दारातून बाई काकांकडे बघून हातवारे करत होत्या. पुढची मुलगी मुसमुसायला लागली.

काकांनी दहा मिनिटं बाक घट्ट धरून ठेवला. मग परीक्षक चहाला बाहेर गेले आणि काकांचा धीर सुटला. मागच्या कपाटातून त्यांनी ताज्या निवळीची बाटली काढली आणि भराभर पंधरा नळ्या भरून दिल्या. फुर्र फुर्र आवाज झाला, पंधरा नळ्या दुधाळ झाल्या. काका स्वतःच्या टेबलापाशी पोचले तेव्हा बाटलीत थेंब नव्हता आणि घंटा वाजत होती. त्यांनी घाईघाईने वहीत लिहिलं, "काही बदल दिसला नाही."

तीन आठवड्यांनी शाळेचं पत्र आलं. मुलीने ते मोठ्याने वाचलं.

"'लेखी परीक्षेत आपण उत्तीर्ण आहात. तथापि प्रात्यक्षिकाचे पुरेसे ज्ञान नसल्यामुळे आपला विचार करता येत नाही.'"

"अगंबाई!" आई म्हणाली.

"थांब, अजून आहे. 'नवे साहाय्यक सोमवारी रुजू होतील. आपण त्यांना सर्व प्रयोग शिकवावेत.'" मुलीने पत्र टेबलावर आपटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आणि तुम्ही शिकवणार, हो ना?"

"शिकवायला नको? नवीन माणूस आहे, गडबडेल बिचारा," काका म्हणाले. मग जरा विचारात पडले. "मला एवढंच सांग, त्याला पुस्तकातलं शिकवू की आपलं?"